डावा कान

यंग्सटाउनला, पोलादाच्या भट्ट्या विझल्यावर
जे काही उरलं त्यात आमचा दवाखाना.
मी कान तपासते.
भट्टीवाल्यांचे दोन्ही कान जोडीनं गेलेले असतात,
ऑर्व्हिल डंकर्लींचा एकटा डावा.

"घंटा," ते म्हणाले.
"एकतीस वर्षं रिंगच्या काठाला बसलो.
डावीकडे पितळी घंटा, हातात हातोडी, समोर घड्याळ.
हेवीवेट माझ्याइतके जवळून कुणी पाहिले नाहीत,
आणि मी तर पाहतही नव्हतो,
काट्यावर नजर असायची."

मी विचारलं नव्हतं.
हेडफोन हातात घेऊनच त्यांनी यादी सुरू केली.
बारमधले लोक पट्टे मोजतात, पेपरवाले किती जणांना लोळवलं ते.
त्यांच्या याद्या डोळ्यांच्या.
ही कानाची.

पाचवा, क्लेटस रँडल.
ठोसा असा, की ओल्या वाळूत फावडं.
पण चौथ्या फेरीपासून छातीत शिट्टी वाजायची,
आणि समोरच्यालाही ती ऐकू जायची.

चौथा, डच हॅलिगन. "सगळे त्याला पहिला धरतात. धरू देत.
त्याचे बूट फार बोलायचे."

तिसरा...
"तिसरा राहू दे जरा."

दुसरा लूथर मेबेन. पडायचा तो
दांडीवरून चादर घसरावी तसा, बिनआवाज.
आणि आठ म्हणेपर्यंत उभा.
"पडण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकलाय, पोरी.
उठण्याचा ऐकलायस?"

पहिला, विल्मर स्टोक्स.
मी म्हणाले, हे नाव कधी कानावर आलं नाही.
"येणार नाही," ते म्हणाले, आणि हेडफोन चढवले.

काचेच्या खोलीत ते, बाहेर मी.
आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच.
उजवा कान ठीक. वयाच्या मानानं उत्तमच.
डाव्याला मी अजून काही पाठवलंही नव्हतं
आणि बटणाचा दिवा लागला.
"आवाज आल्यावरच दाबा."
हो, हो.
पुन्हा लागला. रिकाम्या शांततेवर.

मग काचेपलीकडून, माइकमधून, फार जवळून:

"तिसरा स्टॅन्ली कोव्हाच.
बावन्न साल, नोव्हेंबर, नववी फेरी.
कोव्हाच दोरांवर, स्टोक्स त्याला कांडतोय,
हातमोजे नव्हे, मुसळं.
काट्यावर अकरा सेकंद बाकी होते.
मी घंटा मारली."

मी नोंदवही मिटली.

"कोव्हाचचा श्वास थांबला होता. पुढच्याची वाट पाहिली,
आला नाही. हे खरं.
कोव्हाच आमच्या गल्लीतला, त्याची आई माझ्या आईकडे पीठ मागायला यायची.
स्टोक्स काळा, क्लीव्हलंडचा, त्याच्या कोपऱ्यात दोनच माणसं.
हेही खरं.
दोन्हींतलं कुठलं आधी हातोडीला पोचलं,
चव्वेचाळीस वर्षं झाली, सांगता येत नाही."

कोव्हाच दहाव्या फेरीला उठला.
गुणांवर जिंकला. पुढे पट्टा, मोटार, चौकात फलक.
स्टोक्सनं त्या रात्री टेबलाकडे एकदाच पाहिलं.
भांडला नाही. पुढे एरी सरोवराच्या काठानं
बर्फाचा ट्रक चालवला म्हणे.

मी अहवाल लिहिला:
डावा, चार हजार हर्ट्झला खोल खड्डा.
'प्रतिसादाचा भरवसा' या चौकोनात पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पडला, तोच ठेवला.

यंत्र नको म्हणाले. उजवा पुरतो.
तरी निघण्याआधी मी एक शेवटचा आवाज सोडला
डाव्या कानात, सगळ्यात मोठा, जवळपास घंटेएवढा.
अंगठा बटणावर होता. हलला नाही.

"आवाज आला होता, मिस्टर डंकर्ली."

"ऐकला," ते म्हणाले.
"अकरा मोजत होतो."