चिठ्ठ्या

पुकारा मर्ल करतो. चिठ्ठ्या मी लिहिते.
बोटभर पुठ्ठा, वर भोक, भोकात सुतळी,
आणि जेमतेम एक ओळ :
वस्तू, साल, स्थिती.

"वयाच्या मानाने बरी" हे मी इतक्यांदा लिहिलंय
की परवा आरशासमोर उभी राहिले
तर हात आपोआप पेन शोधू लागला.

ऑर्व्हल उनरूने चाळीस वर्षांचा संसार
पिकअपच्या तीन खेपांत आणला.
संसार म्हणजे बायको-मुलं नव्हेत,
ती केव्हाच डेन्व्हरला गेली.
झालरींची कातडी जाकिटं. टिचबटणांचे शर्ट.
सोळा हॅट, त्यातल्या एकीच्या कडेला घामाची रेघ
आटलेल्या तळ्याच्या काठासारखी.
बुटांचे जोड, आणि जोडीदार हरवलेले बूटसुद्धा.
पेट्रोल पंपावरची पाटी,
तिला गोळीची तीन भोकं.

आणि प्रत्येकाला गोष्ट.
हे बक्कल वायोमिंगच्या रोडिओत जिंकलेलं,
जिंकणारा त्याच रात्री पत्त्यांत ते हरला.
हे जाकीट घालून एक बाई बैलावर बसली, पडली,
धूळ झटकली आणि तशीच लग्नाला उभी राहिली.
"लिही की," ऑर्व्हल म्हणाला.
म्हटलं, जागा नाही.
"बारीक लिही."

दुपारी कॉफी पिताना, कुणी विचारलं नसताना,
म्हणाला, गोष्टी सगळ्या माझ्याच.
जाकीट टल्साला घेतलं, एका गराजच्या दारात, चार डॉलरला.
विकणारीलाही ठाऊक नव्हतं ते कुणाचं.
"कोपरं इतकी झिजलेली, आणि त्याचं कुणीच नाही,
असं कसं टांगून ठेवायचं घरात?"

बाहेर वारा कोठाराचा पत्रा वाजवत होता.
कॅन्ससमध्ये उत्तर सुचलं नाही
की माणसं वाऱ्याकडे बघतात.
मी बघितलं.

एका खोक्यात मात्र मी हात घातला
आणि तो गप्प झाला.
पत्र्याचा बंब. शिडी गेलेली,
एक चाक तिरकं, बुडाशी खिळ्याने कोरलेलं
अक्षर असेल, नाहीतर नुसता ओरखडा.
"याची गोष्ट?"
त्याने चाकावरून अंगठा फिरवला. चाक अडलं.
"याची नाही," म्हणाला,
आणि गंजक्या बिजागऱ्यांत, बरण्यांच्या झाकणांत
परत ठेवून दिला. मीही चिठ्ठी बांधली :
बंब, पत्रा. साल माहीत नाही.
स्थितीपुढे काही सुचेना.

शनिवारी विचिटाहून दलाल आले,
खिशात भिंगं, हातात पांढरे मोजे.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
इथे असतं, वर दहा टक्के कमिशन.
झालरींना नऊशे. घामाच्या रेघेला दीडशे.
भोकं असलेल्या पाटीवर दोघं असे हटून बसले
की आणखी दोन गोळ्या लागल्या असत्या.

खोकं अगदी शेवटी, खुर्च्या घडी होताना.
दोन डॉलर. डेल्बर्ट क्रेहबीलला बिजागऱ्या हव्या होत्या.
त्याच्या पाच वर्षांच्या नातीने, डेसीने,
बंब उचलला, सिमेंटवर टेकवला
आणि ढकलला.

खर्रर्र.
अख्ख्या शेडमध्ये.
"अगं, रंग!" एक दलाल ओरडला.
रंग उडतच होता, लाल टवके,
चाक तिरकं ते तिरकंच पळत होतं.

ऑर्व्हल दाराशी उभा होता.
हॅटेशिवाय मी त्याला कधी पाहिलं नव्हतं;
कपाळ वरच्या बाजूला लहान बाळासारखं गोरं.
ओठ मिटलेले.
आणि त्या मिटलेल्या ओठांआडून, घशातून,
आधी बारीक, मग चढत चढत
बंबाचा भोंगा.

कुणी वळून पाहिलं, कुणी चेक फाडत राहिलं.
डेसीने मान वर केली नाही.
भोंगा वाजायचाच, त्यात काय.
तिने फक्त वेग वाढवला,
टेबलाला वळसा घातला, माझ्यापाशी थांबली,
माझ्या चिठ्ठीची सुतळी सोडून लांब ताणली
आणि तिचं टोक माझ्या पायावर रोखलं.

माझ्या डाव्या बुटाला आग लागली होती म्हणे.

मी पाय हलवला नाही.