शेकडा चार

सूरच्या इस्पितळानं भंगारात काढलेला
तान्ह्या बाळांचा वजनकाटा
मी सही करून खोलीवर आणला.
यंत्रं दुरुस्त करणं हीच माझी नोकरी,
पण हे काम शुक्रवारचं, बिनपगारी.

खाली रखवालीला तिलबहादूर पुन असतो.
त्याच्या गावी, नेपाळात, रस्ता संपल्यावर चार तास चढून
दोन खोल्यांचा दवाखाना आहे.
तिथं बाळाला अजून बटाट्याच्या तागडीत घालतात,
म्हणाला, आणि हसला,
म्हणून मला हसता आलं नाही.

दुधाच्या पावडरीचा डबा मजल्यामजल्यावर फिरला.
सुतारांनी रियाल टाकले, प्लंबर पोरांनी शंभर शंभर बैसा.
नवी बॅटरी त्यातनंच आली, टाक्यांचा दोरा, मलमं,
विमानातल्या जादा सामानाचे पैसे.

काट्याची आठवण पुसली गेली होती.
शून्यावर आणला. मग खरं वजन हवं
म्हणून फडताळातली खजुराची थैली ठेवली.
थैलीवर छापलेलं, एक किलो.
काट्याला सांगितलं, हे हजार.
काट्यानं ऐकलं, गुणी पोरासारखं.

महिन्याभरात फोटो आला.
निळ्या पाळण्यात एक लाल मूठ,
खाली आकडा, दोन हजार पाचशे.
अडीच किलो म्हणजे पास.
डब्यात पैसे टाकलेल्या सगळ्यांना दाखवत हिंडलो,
बाळ जणू माझ्याकडंच उजळणी करून गेलेलं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, भांडी घासता घासता
मोतालेब म्हणाला,
ती खजुराची थैली, भाई, मी फोडली होती.
चारच खाल्ले. मग मेणबत्तीवर धरून चिकटवली.
रोजा सोडायला घरात दुसरं काही नव्हतं.

खजुराची जात, खलास.
एक खजूर दहा ग्रॅम.
चार.
नळ तसाच चालू राहिला.

शेकडा चार. अडीच हजारातले शंभर गेले.
ते बाळ पास नव्हतं.
मापात पाप, आमच्या बाजारात म्हणायचे,
दुकानदाराच्या बोटाकडं बघत.
मला वाटायचं, त्याला दांडी मारावी लागते,
दोन पैशांची हाव तरी लागते.

फोन लागायला दोन दिवस गेले.
नर्स सुनमाया घर्ती. हिंदी तिची थोडी, माझी घाबरलेली.
सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, थांबा, लाल पेन आणते.
मग ती एकेक नाव वाची, जुना आकडा वाची,
मी इकडून नवा सांगे.
एकोणीस बाळं. तीन खाली उतरली.
तिसऱ्याचं घर ओढ्यापलीकडं, म्हणाली,
आज पाणी कमी आहे, जाऊन येते.

मी माफीचे शब्द जुळवत होतो.
तिनं विचारलं, शून्य तरी बरोबर दाखवतो ना?
हो.
मग वापरते. वजाबाकी येते मला.

इथल्या सोनारगल्लीत विट्याकडचा गलाईवाला आहे, आदिनाथ.
त्याच्याकडचं शिक्क्याचं पितळी वजन मागितलं, एक किलोचं.
कशाला ते सांगितलं.
त्यानं ते उलटं करून पुसलं, पुन्हा पुसलं,
आणि पैसे पुरते घेतले.

तिलबहादूरचा मावसभाऊ डिसेंबरात गावी जाईल.
तोवर ते माझ्या उशाशी आहे, पायमोज्यात.
रात्री हातावर घेऊन बघतो, किलो म्हणजे किती.
काल मोतालेब म्हणाला, दे जरा,
आणि वजनापेक्षा मोठी जागा ठेवून
दोन्ही हात पुढं केले.