फाटकी लेफ्सा

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी
आई घड्याळाकडे बघायची नाही.
बटाट्यांना हात लागला की सकाळ,
पीठ संपलं की रात्र.

बटाटे आमच्याच शेतातले,
रेड नदीच्या काळ्या मातीतले.
आदल्या दिवशी उकडून, दाबून,
लोणी-साय घालून मळलेले
आणि मागच्या पडवीत ठेवलेले.
नॉर्थ डकोटात पडवी असली
की फ्रिज कशाला हवा?
झाकणावर वीट मात्र हवी, मांजरासाठी.

लाटणं खाचांचं,
आईच्या आत्यानं नॉर्वेहून बोटीतून आणलेलं.
एका मुठीला चीर गेलेली,
तिथे चिंधी बांधलेली.
मी लाटायचे. ऑर्विलकडे काठी,
लांब, चपटी, उलथायची.
नऊ वर्षांचा तो, ती तलवारीसारखी धरायचा
आणि प्रत्येक लेफ्सेला
शत्रूसारखा सामोरा जायचा.
चुलीचा पत्रा एका कोपऱ्यात जास्त तापायचा,
ते फक्त आईला माहीत.

दुपारी बाबा गोठ्यातून यायचे,
बूट दारात, टोपी गुडघ्यावर.
एक लेफ्सा घ्यायचे, लोणी, वर साखर,
गुंडाळी करून तीन घासांत संपवायचे
आणि म्हणायचे, "पातळ आहे."
वर्षभराचं कौतुक तेवढंच.
आई पाठमोरी असायची,
पण तिचे कान लाल व्हायचे.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही.
एका वर्षी ती दोघं दोन महिने बोलत नव्हती.
मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत.
"आर्डिस, तुझ्या बाबांना सांग."
"आर्डिस, तुझ्या आईला विचार."
टेबल तर हातभर रुंद!
त्याही वर्षी ओटची पेंढी खांबावर चढली चिमण्यांसाठी,
क्षारात भिजलेल्या माशानं घरभर वास केला,
आणि लेफ्सा पातळच झाली.
"पातळ आहे," बाबा मला म्हणाले.
मी तो निरोप पोचवला.

अख्ख्या लेफ्सा चौघडी करून
पांढऱ्या फडक्यात जायच्या.
ह्या नाताळच्या संध्याकाळच्या,
ह्या चर्चच्या, ह्या गुंडामावशीच्या.
फाटकी निघाली की आई उचलायची,
चुलीपाशी उभ्यानंच खायची,
लोण्याशिवाय.
"मला फाटकीच आवडते."

आम्ही विश्वास ठेवला.
चाळीस वर्षं ठेवला.
माझ्या घरी, ऑर्विलच्या घरी
फाटकी निघाली की कुणीतरी ओरडायचं,
"ही आईची!"
वृद्धाश्रमातही ऑर्विल घेऊन जायचा,
चांदीच्या कागदात नीट गुंडाळून,
निवडून निवडून फाटक्या.
ती खायची. काही बोलायची नाही.

शेवटच्या डिसेंबरात
तिथल्या एका नव्या पोरीनं, तिला काय माहीत,
आईच्या ताटात अख्खी वाढली.
आईनं ती दोन्ही हातांनी उचलली,
खिडकीकडे धरली,
कापड विकत घेताना धरतात तशी.
उजेड आरपार आला, तपकिरी ठिपक्यांतून.
मग खाली ठेवून मला विचारलं,
"ही कुणासाठी ठेवलीय?"

आता मी फार्गोत, तिसऱ्या मजल्यावर.
विजेचा तवा सगळीकडे सारखाच तापतो.
बटाट्यांची डब्यातली पूड, वाईट नसते.
नात दुकानातलं पाकीट आणते,
आणू दे, तिला दोन नोकऱ्या आहेत.
ऑर्विलची काठी माझ्याकडे आली,
टोकाला जळलेली.

परवा सहा केल्या.
पहिली अख्खी उतरली, गोल, पातळ.
मी उभी होते.
हात तिच्याकडे गेला आणि आपोआप
कडेला चिमटीत धरून फाडायला लागला.
मी हाताला म्हटलं, थांब.

खुर्ची ओढली.
बसले.
लोणी लावलं, कडेपर्यंत. साखर.
अख्खी खाल्ली, हळूहळू,
बाहेर बर्फ, आत रेडिओवर बाजारभाव.

उरलेल्या पाचांतली एक फाटलीच.
ती अजून ओट्यावर आहे,
फडक्याखाली.