शेऱ्याचा रकाना

नोंदवहीत एकेचाळीस.
छतावर अडतीस.
पुन्हा मोजले, शिडी सरकवत,
तळघरातल्या झेरॉक्सपासून
चौथ्या मजल्यावरच्या बंद पडलेल्या पतसंस्थेपर्यंत.
अडतीसच.

खडेबाजारातली ही इमारत माझ्या नोकरीहून जुनी.
धूर हुंगणाऱ्या या पांढऱ्या बशा तेव्हाच बसवलेल्या,
प्रत्येकीच्या पोटात अमेरिशियम,
मोहरीच्या दाण्याहून कितीतरी कमी,
आणि तीन पाकळ्यांचं चिन्ह आतल्या अंगाला,
म्हणजे उघडेल त्यालाच दिसणारं.
खाली ब्लाऊजपीस फाटतात टर्रकन,
वर क्लासची पोरं सूत्रं घोकतात,
डोक्यावर ते झिजत असतं
कुणाच्या वाटेला न जाता.
निम्मं व्हायला चारशे बत्तीस वर्षं.
आमच्या सीमेच्या खटल्यालासुद्धा
एवढी लांबची तारीख कधी पडली नाही.

मॅनेजर मुचंडी म्हणाले, तीन गेले तर गेले,
नवे मागवा, धूर काय वाट बघतोय?
मी म्हटलं, गेले कुठे?
'गेले' असा रकाना नाही वहीत.

अकरा सालापर्यंत अक्षर एकाच हाताचं,
मो. सां., म्हणजे मोनाप्पा सांबरेकर,
बारीक, उजवीकडे कललेलं,
जिना चढताना लिहिल्यासारखं.
मग कोरी पानं.
मग एका पानावर चहाचा हिशेब,
सतरा कप, दोन बिनसाखर.

वॉचमन बसलिंगनं आठवून बघितलं,
कन्नडात सुरुवात करून मराठीत येत:
रंगकामाला उतरवलेले की हो,
ट्यूबच्या खोक्यात टाकलेले.
आणि खोकं?
गोत्तिल्ल, बाई. भंगारवाल्यानं नेलं असंल.

कणबर्गी रोडला इस्माईल ताशिलदारचा काटा.
पत्रा एकीकडे, प्लास्टिक एकीकडे,
पत्रा उद्यमबागेला जातो, भट्टीला.
एका बशीत त्यानं बारीक खिळे ठेवलेले.
दुसरी दारावर टांगलेली, शोभेला.
मीटर अगदी जवळ नेला
तेव्हा कुठं तो टिकटिकला,
बोलू की नको असा.
इस्माईलनं हात मागं घेतला.
म्हटलं, घाबरू नका चाचा,
फोडायचं नाही, जाळायचं नाही,
तोंडात जाऊ द्यायचं नाही, बस.
बाकी याच्या किरणाला कागदसुद्धा अडवतो.
कागद? हा?
त्यानं रद्दीतले दोन पेपर पुढं केले,
एक कन्नड, एक मराठी.
कुठलाही, म्हटलं.
त्यानं दोन्हींत गुंडाळलं, सुतळी मारली,
आणि खिळ्यांचे पैसे लावू का विचारलं.

डब्यात दोन पुड्या घेऊन स्कूटरवर येताना
गोवावेसच्या सिग्नलला थांबले होते.
एक कागद पुरतो.
तेवढाच नव्हता आमच्याकडे, अकरा सालानंतर.

तिसरा मिळाला नाही.
उद्यमबागेतल्या सुपरवायझरनं फाटकावरचं यंत्र दाखवलं,
त्यावर धुळीचा थर, प्लग काढलेला.
तो म्हणाला, त्या महिन्याचा माल पंपांचा,
कुठं कुठं गेला असंल, खानापूर, चिकोडी, पार गोव्याला.
खरं तुमची बशी त्यात होती कशावरून?
कशावरूनच नाही.
रंगाऱ्याच्या घरी असेल, एखाद्या नाल्यात असेल,
नाहीतर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात,
फोडणी जळली की ओरडत.

रात्री वही उघडली.
क्रमांक बारा: सापडला. सत्तावीस: सापडला.
तेवीसच्या पुढं बराच वेळ पेन धरून बसले.
'निकामी' लिहिता आलं असतं,
मुचंडींनी तोच शब्द सुचवला होता.
मी लिहिलं, माहीत नाही.
बसलिंगला वाचता यावं म्हणून
खाली त्याच्या लिपीत, चुकतमाकत,
गोत्तिल्ल.
मग तारीख. मग सही, पूर्ण नावाची.

शिडी अजून पतसंस्थेसमोरच आहे.
उद्या उतरवायला दोघं लागतील.