सात अक्षरं

लॅपटॉप मार्चमध्ये गेला.
आधी पंखा घरघरला, मग बिजागरी सुटली,
शेवटी पडद्यावर एक उभी निळी रेघ तेवढी उरली.
दुरुस्तीवाला जूजा म्हणाला,
"त्सिआला, याला आता माती द्या."

कुताइसीत, नोंदणी कचेरीसमोर,
औषधांचं दुकान आणि चांभार यांच्या मधल्या बोळात
तिचं स्टूल. टेबल कधी नव्हतंच.
लोकांचे अर्ज ती मांडीवरच लिहीत आली.

बहिणीनं इटलीतून, बारीहून, टॅबलेट पाठवला,
ज्या म्हातारीचं ती करायची, तिच्या पश्चात मिळालेला.
सोबत एक केस, राखाडी, कडेला चहाचा डाग,
उघडली की आत कळा,
मिटली की वही.
पाटीला पाय फुटले म्हणायचं,
पण पाय कसले, मागे एक कागदी घडी,
टेबलावर ताठ, मांडीवर लटलट.
गुडघा हलला की पडदा उताणा,
आणि अर्जदार तिच्याआधी वाकून त्याला सावरतो.

कळांवर इटालियन अक्षरं.
तिनं नखांचं लाल पॉलिश घेतलं
आणि एका रविवारी एकेका कळेवर आपली लिपी काढली.
तेहेतीस अक्षरं, कळा सव्वीस.
उरलेली सात शिफ्टच्या पोटात,
आणि शिफ्ट नेमकी बसलेली.
(त्या म्हातारीचा काही सांडलं असेल तर मध, असं बहीण म्हणते.)

म्हणजे ती सात हवी असली
की कळा सोडायच्या, हात उचलायचा,
काचेवर टिचकी मारायची, परत खाली यायचं.
आणि त्यांच्या बोलीत "विनंती करतो" हा एकच शब्द, ग्थखोव्थ,
त्यात त्या सातांतलं एक अक्षर दोनदा.
घाईत तो ग्टखोव्ट असा उमटतो,
तोतऱ्या शिपायासारखा.
अर्जात विनंत्या किती असतात
हे तिला इतक्या वर्षांत प्रथमच मोजावं लागलं.

दुधाची तहान ताकावर, म्हणू आपण.
ती म्हणाली नाही. तिनं फक्त
गुडघ्याखाली लाकडी फळकुट घेतलं,
चांभाराकडून, उसनं.

ऑक्टोबरात ग्रामितोन आला,
खांद्याला कॅनव्हासची पिशवी, पिशवीत रिकामी बाटली,
पुरावा म्हणून.
चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, जूनपासून.
तो सांगत गेला, ती बडवत गेली,
ग्टखोव्ट, ग्टखोव्ट,
मागाहून दुरुस्त करू.
"वाचून दाखव," तो म्हणाला. मग म्हणाला, "नको, मीच."

लॅपटॉप असता तर तिनं तो फिरवला असता,
म्हाताऱ्यानं मान वाकडी करून लांबूनच पाहिलं असतं.
तिनं पडदा ओढला.
लोहचुंबकानं टक् करून सोडला,
आणि अर्ज त्याच्या हातात गेला,
नुसता अर्ज, कशालाही न जोडलेला.

त्यानं चष्मा कपाळावर नेला, काच नाकाशी आणली.
ओठ हलत होते.
पहिल्या ओळीत अडखळला, "हा शब्द कोणता?"
"विनंती," ती म्हणाली. "कळ अडते."
"हं."

मग त्यानं बोट ठेवलं,
उवेवर नख ठेवावं तसं,
आणि दाबून धरलं.
विनंती गेली.
दुसरीही गेली. तिसरीसोबत
निम्मं वाक्यही गेलं, ते त्याला कळलं नाही,
किंवा कळलं.
खाली उरलं:
चौथा मजला. जूनपासून. पाणी सोडा.

तिच्या मांडीवर कळांची नुसती पाटी,
पडद्यावाचून,
आणि बोटं सवयीनं त्यांवर ठेवलेली.
तिनं काहीतरी टाइप केलंही,
ते कुठे गेलं कोण जाणे.

"सही?" त्यानं विचारलं.
"बोटानंच करा."
त्यानं बोट आधी कोटाला पुसलं.