आठवी गोळी

"दोन दिवसांत येतो" म्हणालात.
मी रक्तदाबाच्या सात गोळ्या दिल्या,
असू द्यात म्हणून.
आज नववा दिवस.

टीव्हीवर तुमच्या हॉटेलचं फाटक,
खाली आकडे हलतात : दोन कमी, एक जास्त.
त्यातले तुम्ही कुठले
ते मल्हारगंजात मलाच विचारतात,
पोहेवालासुद्धा, जिरावण भुरभुरता भुरभुरता.

काल पक्षाध्यक्षांचा फोन : "वहिनी, भाऊ आपलेच ना?"
तासाभरानं दुसऱ्या अध्यक्षांचा.
शब्द तेच, वहिनीसुद्धा तीच.

मी दोघांना एवढंच विचारलं,
तिथं जवळपास औषधाचं दुकान आहे का?
दोघंही म्हणाले, विश्वास ठेवा.

अहो, उद्या अकराला ठराव.
हात वर करायची वेळ आली
तर डावा करा.
उजवा खांदा अजून दुखतो तुमचा.