दुसरा कोस

पहाटे पावणेचार. स्वयंपाकघरात एकच दिवा.
हॅलिफॅक्स अजून दरीत गोधडी ओढून.
किटली कुरकुरते, मी शास्त्र उघडतो.
बाबांचं आहे. पाठीला जालन्याच्या मिशन दवाखान्यातली
चिकटपट्टी; ते कंपाउंडर होते,
माणसं आणि पुस्तकं एकाच पट्टीने बांधायचे.

आजचा भाग मत्तयाचा, डोंगरावरचा.
कोणी वेठीला धरून कोसभर नेलं
तर त्याच्यासोबत दोन कोस जा.

सोपं नाही. आमच्या घरात तर नाहीच.
माझा पणजा तुळाजी, बाप्तिस्म्यानंतर थोमा,
साहेबाच्या घोड्यापुढे बोजा घेऊन पळायचा.
वेठ आमच्याकडे दृष्टान्तातली नव्हती,
तिचा खांद्यावर घट्टा होता.
सांगतात, गावाची शीव आली की तो बोजा खाली टाकायचा,
पुढच्या गावचा माणूस उचलायचा.
शिवेपलीकडे वीतभरही तो गेला नाही.
आणि मला आजवर कधी वाटलं नाही
की त्याचं चुकलं.

रिबका झोपेतूनच विचारते, "वाचलंस?"
"वाचलं. भांडतोय."
"मग भांडून झालं की डबा घे."

आता मी साहेबाच्या मुलखात बस हाकतो.
पगारी. युनियनचा सभासद. वेठ म्हणता यायची नाही.
तरी सव्वासातच्या फेरीला, चढावरच्या तिसऱ्या थांब्यावर
एक म्हातारा चढतो, पास नाकासमोर नाचवतो,
दोन मिनिटांच्या उशिरासाठी रोज मला
एक शब्द देतो. तो शब्द इथे लिहीत नाही.
मी 'गुड मॉर्निंग' म्हणतो. हाच माझा कोस.
त्यात प्रेम नाही, कंपनीचं प्रशिक्षण आहे.

आज तो चढला तेव्हा पायांत सपाता होत्या.
घरातल्या, चौकड्यांच्या. रस्त्यात बर्फाचा राखाडी चिखल.
शब्द दिला नाही.
शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, हा बसून.
"बाजार कुठे गेला?" म्हणाला.
कोटाच्या कॉलरमागे कोणी पट्टी शिवली होती:
हॉल्डस्वर्थ, घराचा नंबर, गल्ली, फोन.
शाळेत जाणाऱ्या पोराच्या गणवेशाला शिवतात तशी.

माझी वीस मिनिटांची सुट्टी. डब्यात मेथीचा पराठा.
कंट्रोलला कळवलं. फोन लावला, कोणी उचलेना.
घर मागे, दोन गल्ल्या खाली.
मी दंड धरला, तो रेलला.
खरं सांगतो, प्रभूची आठवण झाली नाही.
पराठ्याची झाली. बुटांत पाणी शिरलं.
वळणावर तो थांबला,
"तू रोज उशिरा का येतोस रे?"
मी म्हणालो, "चढ आहे."
जरा विचार करून म्हणाला, "हो. चढ आहेच."

दार मुलीने उघडलं, डोक्याला टॉवेल,
फोन न्हाणीत ऐकू गेला नव्हता.
तिने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं.
मी परत धावत. तीन मिनिटं उशीर.
थांब्यावरच्यांनी मला घड्याळं दाखवली.

रात्री तेच पान.
मोजलं तर अर्धा कोसही भरत नाही,
आणि वेठीला तर कोणी धरलंच नव्हतं.
पणजा शिवेवर उभा दिसतो, बोजा खाली, हात झटकत.
मी त्याला काही समजावायला जात नाही.
फक्त विचारतो, थोमाबा,
बोजा नसता, नुसता माणूस असता,
ओल्या पायांचा,
तर शीव कुठे धरली असतीस?
तो खांदा चोळत राहतो.

उद्या सव्वासातला म्हातारा बहुधा चढेल,
बूट घालून, तोच शब्द घेऊन.
दोन कोस संपल्यावर काय, ते मत्तयाने लिहिलेलं नाही.
मी खूण म्हणून बसचं तिकीट घालतो.
उद्याही हेच पान.
रिबका म्हणते, आता दिवा घालव.